रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी: कोण करतं, कशा करता, आणि नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी?

गच्चीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आकाशदर्शनावर इथे बरेच धागे आहेत, पण रूपविकारी ताऱ्यांवर वेगळा धागा सापडला नाही, म्हणून काढतोय. पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवरून मी या नोंदी करतो. आणखी कोणी करत असेल तर भेटावं, आणि नसेल तर दोन-चार जणांनी सुरुवात करावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होतं. कोणी फुगतो-आकसतो, कोणाला जोडीदार तारा मध्येमध्ये झाकतो, कोणावर स्फोट होतो. आजूबाजूच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी ताडून आज हा किती तेजस्वी आहे ते ठरवायचं, वेळ लिहायची आणि नोंद पाठवून द्यायची. जगभरच्या नोंदी जिथे जमा होतात ती मुख्य संस्था म्हणजे अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, एएव्हीएसओ. 1911 साली विल्यम टायलर ऑलकॉट या हौशी निरीक्षकाने ती सुरू केली. ते पेशाने वकील. हार्वर्ड वेधशाळेचे एडवर्ड पिकरिंग यांचं पाठबळ होतं. आज तिथे पाच कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि कोणीही त्या फुकट बघू शकतो.

मला याचं महत्त्व पटलं ते काक्षीमुळे. 2019 च्या शेवटी मृगातला हा तांबडा तारा मंदावायला लागला. एरवी साधारण 0.5 प्रतीचा तारा फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 पर्यंत उतरला, म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सच्या पंगतीला जाऊन बसला. (नवीन मंडळींसाठी: प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी.) त्या हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर सगळीकडे 'काक्षी फुटणार' चाललं होतं. तो फुटला नाही. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ तयार झाली, ती आपल्या बाजूला आली आणि पृष्ठभागाचा एक भागही थंड झाला होता, असं 2021 मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमांवरून मांडलं गेलं. पण 'हे नेहमीचं मंदावणं नाही' असं छातीठोक सांगता आलं, कारण काक्षीच्या नोंदी लोकांनी कित्येक दशकं लिहून ठेवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच नुसत्या डोळ्यांनी केलेल्या.

आता मुद्द्याचं. जपान-ऑस्ट्रेलियात पहाट होते आणि युरोपात अजून दिवस असतो, तेव्हा रात्र आपल्याकडे असते. इथून निरीक्षक फार कमी, त्यामुळे ताऱ्याच्या आलेखात नेमक्या आपल्या रात्रीच्या जागी भोक पडतं. आपण लिहिलं नाही तर ती जागा भरणारे दुसरे फार थोडे, कारण त्या वेळी निरीक्षक जास्त असलेल्या बऱ्याच ठिकाणी अंधार नसतो. मला या धाग्यात सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

सांजतारा

छान धागा, वाचतेय. एक प्रामाणिक शंका. आता आकाशाचे रोजच्या रोज फोटो काढणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणी आहेत, उपग्रह आहेत. अशा वेळी माझ्या डोळ्याने केलेला अंदाज कोणाला हवाय? हौस म्हणून ठीकच, पण विज्ञान म्हणून खरंच उपयोग होतो का, की उगाच समाधान?

दुर्बिणवेडा

सांजतारा, शंका रास्त आहे. दोन उत्तरं देतो.

पहिलं म्हणजे त्या दुर्बिणी मंद ताऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. तेजस्वी तारा आला की त्यांचा सेन्सर भरून वाहतो आणि मोजमाप निरुपयोगी होतं. काक्षी, अल्गोल, मीरा ऐन भरात असताना, हे सगळे त्यांच्या आवाक्याबाहेर. सगळ्यात ठळक ताऱ्यांवर लक्ष ठेवायला आजही माणसंच लागतात.

दुसरं उदाहरण माझ्या फार आवडीचं, एसएस सिग्नी. हंस तारकासमूहात आहे. एक श्वेतखुजा तारा जोडीदाराकडून वायू ओढून घेतो, तो वायू भोवती तबकडी होऊन फिरतो आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी ती तबकडी भडकते. मग तारा 12 प्रतीवरून एक-दोन दिवसांत 8 पर्यंत येतो. 1896 मध्ये हार्वर्डच्या लुईसा वेल्स यांनी तो शोधला आणि तेव्हापासूनच्या त्याच्या जवळपास सगळ्या भडक्यांची नोंद आहे. हबल दुर्बिणीने त्याचं अंतर मोजलं ते साधारण 520 प्रकाशवर्षं आलं आणि शास्त्रज्ञांची पंचाईत झाली. इतक्या लांब असेल तर तो मुळात फारच तेजस्वी ठरतो, आणि मग तबकडी का भडकते याचा मान्य सिद्धांतच डळमळतो. रेडिओ दुर्बिणींनी पुन्हा मोजायचं ठरलं, पण अडचण अशी की हा तारा रेडिओत दिसतो तो फक्त भडक्याच्या वेळी. भडका कधी होईल ते आधी कळत नाही. मग एएव्हीएसओच्या निरीक्षकांना पहाऱ्यावर बसवलं. भडका सुरू झाल्याचा निरोप त्यांच्याकडून गेला की रेडिओ दुर्बिणी तिकडे वळायच्या. 2013 मध्ये उत्तर आलं, साधारण 370 प्रकाशवर्षं. सिद्धांत तरला. पुढे गाया उपग्रहाच्या मोजणीनेही त्याला दुजोरा दिला.

याला उगाच समाधान म्हणता येणार नाही.

सांजतारा

पटलं. एसएस सिग्नीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण माझ्याकडे दुर्बीण नाही.

पायवाट

दुर्बीण नाही म्हणून थांबू नका. राधागोविंद चंद्र यांचं नाव ऐकलंय का कोणी? आपल्याकडे या माणसाबद्दल फार कमी लिहिलं गेलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1878 चा जन्म, जेसोरजवळचं गाव, आज ते बांगलादेशात आहे. शिक्षण प्रवेश परीक्षेच्या पुढे गेलं नाही. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी, तीही कमी पगाराची. हॅलेचा धूमकेतू त्यांनी 1910 मध्ये साध्या द्विनेत्रीतून पाहिला. मग पैसे साठवून इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. जून 1918 मध्ये गरुड तारकासमूहात जो नवतारा उजळला तो त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला, आणि तो पाहिला नुसत्या डोळ्यांनी! रोजचं आकाश पाठ असल्याशिवाय नवा तारा 'नवा' म्हणून ओळखूच येत नाही. त्याची माहिती त्यांनी हार्वर्डला पिकरिंगना कळवली आणि तिथून एएव्हीएसओशी नातं जुळलं.

पुढे 1926 मध्ये एएव्हीएसओच्या चार्ल्स एल्मर यांची सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे जेसोरला पाठवण्यात आली. 1954 पर्यंत या माणसाने 37 हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. मध्ये दुसरं महायुद्ध झालं, फाळणी झाली, घर सोडून पश्चिम बंगालमध्ये बारासातला यावं लागलं, तरी नोंदी सुरूच. डोळे थकल्यावर ती दुर्बीण त्यांनी पुढच्या माणसाकडे सोपवली, ती गेली वेणू बाप्पूंकडे. हो, तेच बाप्पू, ज्यांचं नाव तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेला आहे.

गच्चीवाला म्हणतात ते रेखांशाचं भोक या एका माणसाने तीसेक वर्षं बुजवून ठेवलं होतं.

विदर्भरात्र

पायवाट, जबरदस्त प्रतिसाद. कारकुनी सांभाळून 37 हजार!

मांडवीकाठ

वाचनखूण साठवली. मी पणजीजवळ राहतो. पाऊस संपला तरी खारी दमट हवा असते, चौथ्या प्रतीच्या खालचं काही दिसायची मारामार. अशा आकाशात पहिला तारा कुठला घ्यावा? काक्षी सोडून सांगा, तो यायला अजून अवकाश आहे.

गच्चीवाला

मांडवीकाठ, ऑक्टोबरसाठी माझं पक्कं उत्तर: गरुड तारकासमूहातला ईटा ॲक्विले. संध्याकाळी श्रवण हा तारा जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा, त्यातला मंद तो बीटा, प्रत 3.7. त्याच्याही खाली दक्षिणेकडे उतरलात की ईटा. सव्वासात दिवसांहून किंचित कमी वेळात हा 3.5 वरून 4.4 पर्यंत उतरतो आणि परत चढतो. चढतो झपाट्याने, उतरतो सावकाश. पूर्ण तेजात असताना डेल्टाच्या (3.4) जवळपास, मंद असताना आयोटाएवढा (4.4). तुमच्याकडे तो तळाला असताना दिसणार नाही कदाचित, पण 'आयोटाही दिसत नाही, ईटाही दिसत नाही' हेसुद्धा वहीत लिहा. दोन आठवडे रोज बघितलंत की आलेखाचा आकार कागदावर आपोआप उमटतो.

1784 मध्ये एडवर्ड पिगॉट यांनी याचं तेज बदलतं हे ओळखलं. याच जातीचा डेल्टा सेफी त्याच वर्षी त्यांचा मित्र जॉन गुडरिक याने शोधला. याच जातीच्या ताऱ्यांवरून पुढे हेन्रिएटा लेविट यांनी 'जितका चढउताराचा काळ मोठा तितका तारा तेजस्वी' हा नियम काढला आणि त्या नियमावरून हबल यांनी देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे दाखवलं. पणजीच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा तारा त्याच घराण्यातला आहे.

सांजतारा

अंदाज नेमका करायचा कसा ते कोणी पायरी-पायरीने सांगेल का? मला '3.7 सारखा' वगैरे वाचून भीती वाटते.

गच्चीवाला

सांगतो. अल्गोलची एक रात्र घेऊ, कारण त्याच्यात फरक तासातासाला दिसतो.

डिसेंबर. अल्गोलचा तारकासमूह ययाति ईशान्येला चांगला वर आलाय. आधी वीसेक मिनिटं अंधारात बसायचं, मोबाइल खिशात. बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद. वही आणि पेन्सिल. पेन नको, दवाने कागद ओला होतो आणि शाई फुटते. नकाशा एएव्हीएसओच्या साइटवरून फुकट काढता येतो. त्यावर ताऱ्यांशेजारी 21, 29, 38 असे आकडे दिसतील. ते 2.1, 2.9, 3.8 असे वाचायचे. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तो ठिपका तारा वाटेल.

आता अल्गोलपेक्षा थोडा तेजस्वी एक आणि थोडा मंद एक असे दोन तारे धरायचे. समजा देवयानीच्या टोकाचा गॅमा (2.1) आणि ययातीतला एप्सिलॉन (2.9). नजर गॅमावर, मग अल्गोलवर, मग एप्सिलॉनवर. रोखून बघत बसायचं नाही. अल्गोल या दोघांच्या मधोमध वाटला तर 2.5. गॅमाकडे जास्त झुकला तर 2.3. लगेच वेळ लिहायची आणि कोणते दोन तारे वापरले तेही. झालं, एक नोंद पूर्ण.

थोड्या वेळाने परत बघा. ग्रहण लागलेलं असेल, म्हणजे जोडीदार तारा त्याला झाकत असेल, तर आता तो एप्सिलॉनएवढा झालेला असेल. ग्रहण सुरू झाल्यापासून पाचेक तासांत 2.1 वरून 3.4 पर्यंत घसरतो आणि तितक्याच वेळात परत चढतो.

काही पथ्यं:

शेजारचा रो पर्सेई तुलनेला अजिबात घ्यायचा नाही, तो स्वतःच रूपविकारी आहे. तुलनेचे तारे शक्यतो अल्गोलइतक्याच उंचीवरचे हवेत. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरातून येतो म्हणून उगाच मंद दिसतो. काक्षीसारख्या तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो डोळ्याला हळूहळू जास्त तेजस्वी भासायला लागतो, म्हणून तिथे ओझरती नजर टाकायची.

वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत, द्यायची असते, त्याला घाबरू नका, साइटवरच रूपांतर होतं. हा दिनांक बदलतो जागतिक वेळेनुसार दुपारी 12 ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिनांकात बसते. रात्री साडेआठची नोंद म्हणजे साडेपाचनंतर तीन तास, दिवसाचा आठवा भाग, म्हणून त्या दिनांकाला .125 जोडायचं.

दुर्बिणवेडा

सगळं मान्य, पण एक मतभेद नोंदवतो. डोळ्याने कितीही सराव केला तरी चूक 0.1 ते 0.3 प्रतीची राहते. साधा डीएसएलआर आणि तिपाई असेल तर 0.02-0.03 पर्यंत सहज जाता येतं. ज्यांच्याकडे कॅमेरा पडून आहे त्यांनी थेट तिकडून सुरुवात करावी. रॉ फाइल काढायची, जेपेग नाही. फोकस थोडा मुद्दाम बिघडवायचा म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो. मोजायचा फक्त हिरवा भाग. हल्ली सीस्टारसारख्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणी मिळतात, त्यांच्याकडूनही हे काम करून घेता येतं. नव्या माणसाला जुन्या पद्धतीत का अडकवायचं?

पायवाट

अडकवणं नाही हो. मीराच्या नोंदी बघा. 1596 मध्ये डेव्हिड फाब्रिसियस यांनी तो पाहिला, आणि नियमित नोंदी म्हटल्या तरी दीड-दोनशे वर्षांच्या आहेत, त्यातल्या बहुतेक डोळ्याने केलेल्या. त्याचा काळ साधारण 332 दिवसांचा आणि तेज कधी 2 तर कधी 10. इतक्या मोठ्या चढउतारात 0.2 च्या चुकीने काही बिघडत नाही, पण नोंदींची पद्धत मध्येच बदलली तर जुनं आणि नवं जोडताना त्रास होतो. तांबडा तारा कॅमेऱ्याला आणि डोळ्याला सारखा दिसत नाही. म्हणून साठ्यातही डोळ्याच्या नोंदी, हिरव्या भागाच्या नोंदी, फिल्टरच्या नोंदी वेगवेगळ्या खुणेने ठेवतात.

दुर्बिणवेडा

मीरासारख्यांसाठी हे मान्य. मी म्हणत होतो ते 0.1 च्या आतल्या बदलांबद्दल. तिथे डोळा पुरत नाही.

गच्चीवाला

दोघांचंही बरोबर आहे आणि ज्याच्याकडे जे आहे त्याने त्याने करावं. माझं वैयक्तिक मत: पहिला हंगाम डोळ्यानेच करावा. त्याने आकाश पाठ होतं. कॅमेऱ्याने आकडा अचूक मिळतो, पण कुठला तारा मोजतोय हे माणसालाच माहीत असावं लागतं.

आणि एक गोष्ट अचूकतेइतकीच महत्त्वाची आहे. 'आज अल्गोल 3.4 असायला हवा' हे आधी वाचून गेलात की डोळ्याला 3.4 च दिसतो. कालची नोंद झाकून ठेवा. दुसऱ्यांचा आलेख नोंद पाठवून झाल्यावर उघडा. जे दिसलं ते लिहायचं, सगळ्यांपेक्षा वेगळं आलं तरी. आकाशात चंद्र होता, ढग होते, तारा फार खाली होता, तर त्यासाठी एकेक अक्षरी खुणा आहेत, त्या जोडायच्या. शंका असलेली नोंद शंकेसकट पाठवली तर ती कामाची. शंका लपवली तर ती नोंद बाकीच्यांच्या नोंदींनाही बाधते.

विदर्भरात्र

+1. हे अगदी मनातलं.

नागपूरकरांसाठी सांगतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातलं पहिलं. तिथलं आकाश बघून आलं की शहरात आपण काय गमावलंय ते कळतं. पण नोंदींसाठी मी घराच्या गच्चीलाच पसंती देतो. वर्षातून एकदा काळंकुट्ट आकाश बघण्यापेक्षा रोजचं धुरकट आकाश या कामाला जास्त उपयोगी.

मांडवीकाठ

खरंय. पण आपल्या पावसाळ्याचं काय करायचं? जून ते सप्टेंबर कोकण-गोव्यात आकाश म्हणून नाहीच. भोक बुजवायचं म्हणता, आणि आपणच चार महिने गायब!

दक्षिणगोल

मांडवीकाठ, मी मूळची रत्नागिरीची, सध्या मेलबर्नला. तुमच्या पावसाळ्यात आमच्याकडे हिवाळा, लांबच लांब रात्री. इथून ईटा कॅरिनी दिसतो. 1840 च्या दशकात हा व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता, मग अनेक दशकं डोळ्याला दिसेनासा झाला, आणि आता परत चौथ्या प्रतीच्या आसपास येऊन पोचलाय. दक्षिण महाराष्ट्रातून आणि गोव्यातूनही तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला दक्षिण क्षितिजावर दिसू शकतो, युरोपवाल्यांच्या नशिबी तो नाही.

पावसाळ्याबद्दल मला वाटतं तुम्ही खंत करू नये. ज्या रात्री आकाश उघडं मिळालं त्या रात्री लिहायचं. इथल्या शेजारच्या न्यूझीलंडमध्ये अल्बर्ट जोन्स नावाचे गृहस्थ होते, त्यांनी आयुष्यात पाच लाखांहून जास्त नोंदी केल्या, सगळ्या डोळ्याने. 1987 चा मोठा अतिनवतारा ज्यांना स्वतंत्रपणे दिसला त्यांच्यातले ते एक. तिथेही ढग काही कमी नसतात.

सांजतारा

उत्तर मुकुटातला तो 'कधीही उजळेल' म्हणतात तो तारा यातच येतो का? त्याच्या बातम्या येऊन किती दिवस झाले.

दुर्बिणवेडा

होय, टी कोरोनी बोरिआलिस. 1866 ला उजळला, 1946 ला उजळला, म्हणून साधारण 80 वर्षांनी परत अशी अपेक्षा. हे लिहिताना तरी तो 10 प्रतीच्या आसपास शांत आहे, म्हणजे डोळ्याला अदृश्य. उजळला की काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत येईल, मुकुटातल्या सगळ्यात ठळक ताऱ्याच्या बरोबरीने, आणि आठवडाभरात परत डोळ्याआड. तारीख कोणीही सांगत असेल तरी तिच्यावर विसंबून राहू नका.

यात नोंद म्हणजे काय करायचं ते ऐका. स्वाती आणि अभिजित यांच्या मध्ये, स्वातीकडे झुकलेला तो अर्धगोल शोधा. तिथे नवीन काही दिसत नसेल तर 'दिसला नाही, 4.8 पेक्षा मंद' अशी नोंद करा, 4.8 म्हणजे त्या रात्री तिथे तुम्हाला दिसलेला सगळ्यात मंद तुलनेचा तारा. या नकारार्थी नोंदींवरूनच नंतर ठरतं की स्फोट कुठल्या तासाला सुरू झाला. तारा उजळला त्या वेळी अंधार नेमका आपल्याकडे असेल तर आपली 'दिसला नाही' ही ओळ जगात एकमेव असू शकते.

लेस्ली पेल्टिअर नावाच्या ओहायोतल्या शेतकरी निरीक्षकाने या ताऱ्यावर पंचवीसेक वर्षं पहारा दिला होता. फेब्रुवारी 1946 च्या त्या पहाटे अंगात बरं नव्हतं म्हणून तो परत झोपायला गेला, आणि तारा नेमका तेव्हाच उजळला. एकट्या माणसाच्या भरवशावर हे काम सोडता येत नाही ते यासाठी. आपण सात-आठ जण असू तर एक आजारी पडला तरी चालेल.

आणि त्याच मुकुटाच्या अर्धगोलात आर कोरोनी बोरिआलिस आहे, त्याचं बरोबर उलटं. एरवी सहाव्या प्रतीचा, मग अचानक स्वतःच बाहेर टाकलेल्या कार्बनच्या काजळीत झाकला जातो आणि 14 पर्यंत बुडतो. 2007 मध्ये बुडाला तो कित्येक वर्षं वर आला नाही. द्विनेत्री असेल तर दोन्ही एकाच वेळी तपासून होतात.

फळाखडू

नमस्कार. उशिरा येतेय धाग्यावर. मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. गच्चीवाला यांनी गुडरिकचं नाव घेतलं म्हणून लिहावंसं वाटलं. तो लहानपणीच बहिरा झाला होता हे इथे कोणी लिहिलं नाही. बहिऱ्या मुलांसाठी एडिंबरोत तेव्हा एक शाळा होती, तिथे तो शिकला. अल्गोलचं तेज 1782 मध्ये त्याने रात्रीमागून रात्री बघितलं, काळ काढला 2 दिवस 20 तास 45 मिनिटं (आजचा आकडा 49 मिनिटं), आणि एखादी मोठी वस्तू त्याच्याभोवती फिरताना त्याला झाकत असावी अशी शक्यता मांडली. त्यासाठी रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं, एकोणीस वर्षांच्या मुलाला. 21 व्या वर्षी गेला. शंभर वर्षांनी, 1889 मध्ये, वर्णपटावरून त्याचं म्हणणं खरं ठरलं.

आमच्या नववीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, 'मग आपण पण बघायचा का?' शाळेच्या मैदानावर या हिवाळ्यात बघितला. आमची एक अडचण इतरांना येणार नाही अशी: मुलं खुणांनी बोलतात आणि अंधारात हात दिसत नाहीत. पांढरा दिवा लावला की डोळे परत अंधाराला सरावायला वेळ. शेवटी लाल जिलेटिनचे दिवे छातीशी धरायला लावले, हातावर उजेड पडेल असे. तुलनेच्या ताऱ्यांसाठी मुलांनी स्वतःच खुणा ठरवल्या.

आता माझा प्रश्न. मुलांचे दोन गट केले होते. एका गटाने 2.7 लिहिलं, दुसऱ्याने 3.0. दोन्ही गट आपल्या आकड्यावर ठाम आहेत, जोरदार वाद झाला. सरासरी काढून 2.85 पाठवू का?

गच्चीवाला

फळाखडूताई, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. सरासरी अजिबात काढू नका. प्रत्येक नोंद ज्याची त्याची, स्वतंत्र. आणि आधी एक सांगा, दोन्ही गटांनी वेळ काय लिहिली आहे?

फळाखडू

आत्ता वह्या बघितल्या. पहिला गट 8:40, दुसरा 9:25. दुसऱ्या गटाला आकाश दाखवायला मी नंतर नेलं होतं, जेवणाची पाळी असते.

गच्चीवाला

मग भांडण मिटलं! ग्रहण उतरणीला लागलेलं असताना अल्गोल मधल्या टप्प्यात पाऊण तासात 0.3 सहज घसरतो. दोन्ही गट बरोबर आहेत, मुलांनी ताऱ्याचं मंदावणं पकडलंय. ज्युलियन दिनांकाला पहिल्या नोंदीसाठी .132 आणि दुसऱ्यासाठी .163 जोडून दोन्ही पाठवा, तुलनेचे तारे कुठले वापरले तेही लिहा.

पुढच्या वेळी जमलं तर दोन्ही गट एकदमच मैदानावर न्या आणि दर अर्ध्या तासाला नोंद करायला लावा. तारीख ठरवायला सोपा हिशोब: आज किमान तेज ज्या वेळी होतं त्याच्या तीन दिवसांनी ते 3 तास 11 मिनिटं आधी येतं. समजा रात्री एकला किमान असेल, तर तीन दिवसांनी साधारण 9:50 ला. तेव्हा मुलं जागी असतील.

दक्षिणगोल

ताई, मुलांनी ठरवलेल्या त्या खुणांची चित्रं काढून इथे टाकाल का? इथल्या एका कर्णबधिर निरीक्षक मैत्रिणीला दाखवायची आहेत.

फळाखडू

नक्की. मुलांनाच काढायला सांगते. दोन्ही नोंदी आज पाठवते, वेळेसकट.